पायथॉनच्या युक्त्या : वर्गात किती टिकतात?

संगणकाची कोणतीही भाषा रुळली की तिच्याभोवती युक्त्यांचे एक लोकवाङ्मय तयार होते. पायथॉनच्या बाबतीत ते फारच फोफावले आहे. पुण्या-मुंबईत, बंगळुरूत या भाषेत काम करणारी मंडळी अधूनमधून एकत्र जमतात. तेथे पाच-पाच मिनिटांची भाषणे होतात, आणि सहा ओळींचे काम एका ओळीत कसे उरकावे हे दाखवणारा एक तरी वक्ता असतोच. या मंडळींचे पहिले राष्ट्रीय संमेलन २००९ साली बंगळुरूला झाले, २०११ चे पुण्याला. अशा ठिकाणच्या युक्त्या मोबाईलवरून फिरत फिरत शिक्षकांच्या हाती येतात. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथॉनच शिकवायचे असल्याने शिक्षकांना त्या हव्याही असतात.

आमची तक्रार युक्त्यांबद्दल नाही. जमलेल्या मंडळीत एखाद्याने युक्ती सांगितली की लगेच दुसरा विचारतो, 'यादी रिकामी असली तर?' तिसरा म्हणतो, 'जुन्या आवृत्तीत हे चालणार नाही.' या वादावादीतून युक्तीच्या मर्यादा ठरतात. पुढे होते असे की युक्ती प्रवास करते आणि वादावादी त्या खोलीतच राहते. शिक्षकाला मिळते ती निव्वळ ओळ. तेव्हा अशा काही ओळी यंत्रावर चालवून, त्या आपल्या वर्गात कितपत टिकतात हे आम्ही तपासायचे ठरवले. (येथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, यंत्रावर त्या रोमन लिपीत आणि रोमन अंकांत टंकाव्या लागतात.)

आरंभ एका चांगल्या युक्तीने करू. 'अ, ब = ब, अ' एवढे लिहिले की दोन चलांच्या किमतींची अदलाबदल होते. उजवी बाजू आधी पूर्ण वाचली जाते, मग डाव्या बाजूला किमती दिल्या जातात, म्हणून हे साधते. ओळ निर्दोष आहे. परंतु एका पेल्यात दूध, दुसऱ्यात ताक असताना अदलाबदलीला तिसरा पेला लागतो, हा धडा झाल्यावरच ती सांगावी. तिसरा पेला ज्याने हाताळला आहे त्यालाच तो नाहीसा झाल्याची गंमत कळेल.

दुसरी युक्ती मात्र घातक ठरू शकते, आणि ती शिक्षकांना नेमकी निकालाच्या दिवसांत मिळते. 'सरासरी काढून तिला राउंड लावा, निकालपत्रक तयार.' एका मुलाच्या सहा चाचण्यांची बेरीज २०७ आहे असे समजा. सरासरी ३४.५. शाळेत शिकवलेल्या नियमाप्रमाणे अर्धा वर धरायचा, म्हणजे ३५, आणि ३५ ला मुलगा उत्तीर्ण. पायथॉनमध्ये राउंड(३४.५) असे विचारा. उत्तर येते ३४. राउंड(३५.५) विचारले तर मात्र ३६ येते! हा बिघाड नव्हे. संख्या बरोबर मध्यावर असेल तर जवळच्या सम संख्येकडे वळायचे, असा या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीचा नियमच आहे.

नियमामागचे कारण वर्गात सांगण्यासारखे आहे. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ यांची बेरीज ८ होते. आपल्या पद्धतीने आधी पूर्णांक केले तर १, २, ३, ४, म्हणजे बेरीज १०. सम संख्येकडे वळवले तर ०, २, २, ४, म्हणजे पुन्हा ८. हजारो मापनांची बेरीज करणाऱ्याला दुसरी पद्धत सोयीची, कारण तीत चूक एकाच दिशेला साठत नाही. पण ३५ च्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला हजारो मापनांशी काय कर्तव्य? शिवाय कार्यालयातले एक्सेल तीच सरासरी ३५ दाखवते. वर्गशिक्षकाची आज्ञावली नापास म्हणते, कार्यालय पास म्हणते, आणि दोघांनाही आपलेच यंत्र बरोबर वाटते.

यात जुन्या-नव्याचा घोळही मिसळला आहे. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत हीच आज्ञा ३५ देत असे. तिसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात आली आणि १ जानेवारी २०२० पासून दुसरीची देखभाल थांबली. परंतु त्या काळात लिहिलेल्या युक्त्यांवर तारीख नसते. त्या अजूनही तशाच फिरतात.

दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड करताना आणखी एक गोष्ट आडवी येते. राउंड(२.६७५, २) चे उत्तर २.६७ येते. येथे समसंख्येच्या नियमाचा संबंध नाही. यंत्र अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवते आणि तीत २.६७५ नेमका बसत नाही. साठवलेली संख्या किंचित कमी असते, म्हणून ती खाली जाते. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ दिसते, तीही याच कारणाने. एक भागिले तीन ही किंमत आपण दशांशात पुरती लिहू शकत नाही, तशीच ही अडचण. सातवीच्या मुलालाही ती समजावता येते.

निकालापुरता उपाय सोपा आहे : अपूर्णांकात शिरूच नये. बेरजेच्या दुपटीत विषयांची संख्या मिळवावी आणि विषयांच्या दुपटीने पूर्णांक भागाकार करावा. दोन गुणिले २०७ अधिक ६ म्हणजे ४२०. त्याला १२ ने भागले की ३५. ही रीत दिसायला राउंडइतकी सुटसुटीत नाही, पण तिचे उत्तर आपल्या नियमाशी जुळते आणि कोणत्याही आवृत्तीत बदलत नाही.

तिसऱ्या युक्तीचा उल्लेख थोडक्यात करतो. 'दोन किमती सारख्या आहेत का हे पाहताना दोन बरोबरचिन्हांऐवजी इज वापरा, ते जलद चालते.' इज ही आज्ञा किमती सारख्या आहेत का ते पाहत नाही. वस्तू एकच आहे का ते पाहते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पायथॉनमध्ये बरीच वर्षे उणे ५ ते २५६ हे पूर्णांक आधीच तयार करून ठेवलेले असत, त्यामुळे तेवढ्या टप्प्यात ही युक्ती चालून जाते. दोन ठिकाणांहून वाचलेला २५७ मात्र सारखा ठरत नाही. पन्नास मुलांच्या वर्गावर तपासलेली आज्ञावली सगळ्या शाळेला लावली की हजेरीपट बिघडतो. बरे, ही मर्यादा भाषेच्या नियमांत कोठेच नाही, ती केवळ रचनेची अंतर्गत सोय आहे. आता पायथॉन स्वतःच काही ठिकाणी याबद्दल इशारा देते, यावरून ही युक्ती किती पसरली होती याची कल्पना येईल. ती शिकवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एका ओळीचा हा सोस भाषेच्या मूळ स्वभावाला धरून आहे, असे मात्र कोणी समजू नये. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळात ॲमस्टरडॅमच्या गणित-संगणक संशोधन संस्थेत पायथॉनचे काम हाती घेतले आणि १९९१ साली ती प्रसिद्ध केली. त्याआधी ते तेथेच एबीसी नावाच्या भाषेवर काम करत होते, आणि ती भाषा नवशिक्यांसाठी रचलेली होती. ओळी आत सरकवून आज्ञांचा गट दाखवण्याची पायथॉनची पद्धत तेथूनच आली. पुढे अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात ॲलिस या शैक्षणिक प्रणालीसाठी पायथॉन वापरले, तेव्हा नवशिके दोन ठिकाणी हमखास अडखळतात असे आढळले : लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद, आणि ७ भागिले २ चे उत्तर ३ येणे. तिसऱ्या आवृत्तीत त्या भागाकाराचे उत्तर ३.५ झाले. मुले कोठे चुकतात याची नोंद ठेवल्यामुळे भाषेतली एक खोड कशी उघड होते, याचे हे चांगले उदाहरण आहे. आपल्या वर्गांतून अशा नोंदी कोण ठेवतो?

भाषेत बदल सुचवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक सूचना लेखी मांडायची, आक्षेप नोंदवायचे, नाकारलेले पर्यायही कारणांसह लिहून ठेवायचे. वाद नेहमी गोडीत होतात असे नाही. किंमत देण्याचे काम वाक्याच्या पोटातच उरकणाऱ्या एका चिन्हावरून २०१८ साली एवढा कडाक्याचा वाद झाला की, सूचना मान्य केल्यानंतर व्हॅन रॉसम यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. २०१९ पासून पाच जणांचे निवडून आलेले मंडळ तो सांभाळते. मुद्दा असा की ओळ लहान करावी की नाही, यावर तेथे पानेच्या पाने खर्च होतात. आपल्यापर्यंत पोचते ती फक्त लहान झालेली ओळ.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाची युक्ती घेऊ, कारण तिच्यात आपल्या भाषेचाच प्रश्न आहे. अक्षरमाला उलटी करण्यासाठी चौकटी कंसात दोन अपूर्णविराम आणि उणे एक लिहायचे, आणि उलट-सुलट सारखा वाचला जाणारा शब्द ओळखायचा. हा प्रयोग मुलांना फार आवडतो. नयन, कडक, सरस हे शब्द देऊन पाहा. यंत्र 'होय' म्हणते. आता नवीन, जहाज, समास द्या. यंत्र 'नाही' म्हणते! पिढ्यान् पिढ्या मुले ज्याची गंमत लुटत आली ते 'रामाला भाला मारा' हे वाक्यही यंत्राला अमान्य.

येथे वर्गात काय होते याची कल्पना करावी. मुलीला ठाऊक असते की नवीन हा शब्द उलटा वाचला तरी नवीनच. यंत्र नाही म्हणते, शिक्षकांनी दिलेली ओळ आहे, तेव्हा आपलेच काहीतरी चुकले असे ती ठरवते. वास्तविक यंत्राने शब्द अक्षरांत मोजलेलाच नाही. मराठी हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतो. पायथॉनच्या लेन या आज्ञेचे उत्तर पाच येते : म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. शिक्षक या शब्दाचे उत्तर सहा, कारण क्ष मध्ये क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे आहेत. अशी माळ उलटी केली की वेलांटी आपल्या व्यंजनाच्या आधी येऊन पडते. इंग्रजी शब्दांवर तपासलेल्या युक्तीत ही शक्यता कोणी विचारात घेतलेलीच नव्हती.

पायथॉनला देवनागरीचे वावडे आहे असे मात्र नाही. तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना बेरीज, सरासरी अशी नावे देता येतात. अवतरणचिन्हांतल्या '१२३' ला इंट ही आज्ञा लावली तर ती बिनतक्रार एकशे तेवीस समजते. आज्ञेत थेट देवनागरी अंक लिहिले तर मात्र चालत नाही. पाया तयार आहे, युक्त्या सांगणाऱ्यांनी तो तपासलेला नाही, एवढेच.

अक्षरे पाडण्याची आज्ञावली मुलांकडूनच लिहवून घ्यावी. चिन्ह मात्रा, काना, वेलांटी, अनुस्वार, विसर्ग किंवा हलन्त असेल, किंवा त्याच्या आधीचे चिन्ह हलन्त असेल, तर ते मागच्या अक्षराला जोडायचे. अन्यथा नवे अक्षर सुरू करायचे. युनिकोडडेटा या सोबत येणाऱ्या संचात प्रत्येक चिन्हाचा वर्ग मिळतो, आणि देवनागरीतील या सर्व जोडचिन्हांचा वर्ग 'म' च्या रोमन अक्षराने सुरू होतो. एवढे केले की शिक्षक तीन अक्षरांचा होतो आणि नवीन, समास, जहाज सगळे उलट-सुलट सारखे ठरतात. भाल्याच्या वाक्यातून आधी मोकळ्या जागा काढून टाकाव्यात. आज्ञावली आठ-दहा ओळींची होईल. व्याकरणाचा तास आणि संगणकाचा तास त्या दिवशी एकत्र घ्यावा. जोडाक्षरे एकसंध मोजण्याचा नियम युनिकोडच्या अक्षरविभागणीत २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीत आला, तेव्हा हे काम आपल्या मुलांनी करणे काही मागासलेपणाचे नाही.

एक चिन्ह मात्र वरच्या नियमातून निसटते. कऱ्हाड हे गावाचे नाव दोन प्रकारे टंकले जाते. काही कळपाट ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात. काही र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात, पण एकाची लांबी सहा येते, दुसऱ्याची सात, आणि दोन बरोबरचिन्हे लावून विचारले तर यंत्र ते वेगळे आहेत असे सांगते. कऱ्हाडची मुले किती, असा शोध घेतला तर दुसऱ्या कळपाटावर नोंदलेली मुले यादीतून गळतात. न दिसणारे चिन्ह नुसते काढून टाकून भागत नाही; तसे केले तर ह वर रफार चढतो. शोधापूर्वी र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त बसवावे लागते. रिप्लेस या आज्ञेने ते एका ओळीत होते, आणि ही एक ओळ, शेजारी तिचे कारण लिहून, शिक्षकांनी खुशाल एकमेकांना पाठवावी.