एवढे नियम कशाला? नवख्याची चिडचिड आणि संशोधनाचा प्रश्न

पेटची तयारी करणारे विद्यार्थी भेटले की एक प्रश्न ठरलेला असतो, "विषय कुठून आणायचा?" मी सांगते, तुम्हाला कशाचा राग येतो ते आधी बघा. सल्ला बरा आहे, पण अर्धवट आहे. राग आला म्हणजे विषय मिळाला असं होत नाही. मधे बरंच चालावं लागतं आणि त्या वाटेवर मी स्वतः कशी आपटले, ते आज सांगते.

दाभोळ हे माझं आजोळ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा सगळ्या दापोली तालुक्यात झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले. कित्येक दिवस लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. माझा मामेभाऊ तेव्हा दहावी संपवून घरात बसलेला. लॉकडाऊनमध्ये तो पब्जीच्या एका क्लॅनमध्ये शिरला होता. क्लॅन म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्यांची टोळी. तिला एक म्होरक्या असतो, कोणाला घ्यायचं आणि कोणाला काढायचं ते तोच ठरवतो. या क्लॅनच्या नियमांची यादी एवढी लांब, की मोबाईलवर तीन वेळा खाली सरकवावी लागे. नावापुढे क्लॅनची खूण लावायचीच. रात्री दहाला माइक चालू ठेवून हजर राहायचं. म्होरक्याने घेतल्याशिवाय लूट उचलायची नाही. आणि तीन दिवस दिसला नाहीत तर बाहेर, कारण ऐकून घेतलं जाणार नाही.

रेंज आल्यावर त्याने फोन उघडला तेव्हा तो बाहेर होता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनही काढलेलं. मला म्हणाला, "ताई, मी पळालो नव्हतो गं. लाईटच नव्हती, सांगणार कुठून?" पुढे २ सप्टेंबर २०२० ला पब्जीवरच बंदी आली. पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मित्र भेटत नव्हते अशा दिवसांत त्याची तेवढीच एक टोळी होती.

पुढे मी ऑनलाइन समूह आपला कारभार कसा चालवतात, या विषयावर पीएच.डी. करायचं ठरवलं आणि अनुभव हवा म्हणून माइनक्राफ्टच्या एका सर्व्हरवर नवखी म्हणून गेले. तिथे एक वीट ठेवायलाही परवानगी लागे. त्यासाठी नियमावली वाचायची, तिच्यात कुठेतरी एक गुप्त शब्द लपवलेला असतो, तो शोधून टाइप करायचा. मी दोनदा वाचून हरले. तिसऱ्यांदा शब्द सापडला, झोपडी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी ती पाडलेली. शेजाऱ्याच्या हद्दीपासून पुरेसं अंतर सोडलं नव्हतं म्हणे. निरोप एवढाच होता, "नियम १९ वाचा."

त्याच संध्याकाळी मी सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य लिहिलं: "ऑनलाइन खेळांच्या समूहांमधील अतिरेकी नियमांमुळे नवे सदस्य दूर जातात." माझ्या मार्गदर्शकांनी समासात तीन प्रश्न लिहून कागद परत दिला. अतिरेकी म्हणजे किती? कोणाच्या मते? आणि जे गेले नाहीत, त्यांना विचारलंत का?

मला राग आला. मग वाचायला बसले.

आधी माझ्या बाजूचा पुरावा. एरन हाफेकर आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा लेख इंग्रजी विकिपीडियावर आहे. तिथल्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोचली आणि मग उतरू लागली. असं का झालं? येणारे नवखे बिघडले होते का? लेखकांनी तपासलं, तर चांगल्या हेतूने येणाऱ्यांचं प्रमाण घटलेलं नव्हतं. त्यांचं काम उडवून लावण्याचं प्रमाण मात्र वाढलं होतं. खोडसाळपणा रोखायला बनवलेली अर्धस्वयंचलित साधनं त्यांनाही झोडपत होती, आणि नियम इतके घट्ट झाले होते की नव्या माणसाने त्यांत केलेला बदल टिकणं अवघड झालं होतं. हे वाचून मी खूश. माझीच झोपडी की ही!

आता विरुद्ध बाजू. सेथ फ्रे आणि रॉबर्ट सम्नर यांनी २०१९ मध्ये माइनक्राफ्टच्याच सुमारे ५,००० सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या आणि यशस्वी सर्व्हरांवर नियम जास्त आणि जास्त गोष्टींना लागू होणारे दिसले. शिवाय चालकांच्या हातात सत्ता एकवटणारे नियमही तिथे जास्त. म्हणजे मी ज्याला रोग म्हणत होते, ते धडधाकट सर्व्हरांवर जास्त सापडत होतं.

त्याच वर्षी नेथन मथायस यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रेडिटवरच्या विज्ञानाच्या एका प्रचंड समूहात त्यांनी २,१९० चर्चा घेतल्या. चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा त्यांतल्या काही चर्चांच्या माथ्यावर नियम ठळक लावले, बाकीच्यांवर लावले नाहीत. नियम दिसले तिथे नियम पाळणाऱ्या नवख्यांचं प्रमाण ८ टक्के-बिंदूंहून जास्त वाढलं. आणि नवख्यांचा सहभाग घटला का? उलट सरासरी ७० टक्क्यांनी वाढला! नियम वाचून लोक पळतील, हा माझा सगळा डोलारा इथे कोसळला.

इथे बहुतेक विद्यार्थी दोनपैकी एक चूक करतात. काही जण आपल्या बाजूचा लेख ठेवून बाकीचे गुपचूप बाजूला सारतात. काही जण "याबाबत अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत" असं लिहून मोकळे होतात. दोन्ही करू नका. आधी बघा, तिघे एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत का?

नाही बोलत. फ्रे आणि सम्नर यांनी "नियम" मोजले ते सर्व्हरवर बसवलेल्या प्लगइनांवरून, म्हणजे कारभारासाठी जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांवरून. दुसऱ्याची भिंत पाडताच येत नसेल, तर तो नियम नवख्याला वाचावा लागत नाही, हाताला लागतो. मथायस यांनी नियमांची संख्या बदललीच नाही, असलेले नियम वेळेवर आणि समोर दाखवले. हाफेकर यांच्या लेखातला मुद्दा नियम लागू कसे होतात आणि ते बदलता येतात का, हा आहे. एक किती, दुसरा कुठे दिसतात, तिसरा कोणाच्या हातात. माझ्या वाक्यातल्या "अतिरेकी" या एका शब्दात मी हे तिन्ही कोंबले होते.

पद्धतीतला फरकही लक्षात घ्या. मथायस यांचा प्रयोग आहे, त्यामुळे "नियम दाखवल्यामुळे" असं म्हणता येतं. फ्रे यांच्या अभ्यासात सर्व्हर जसे होते तसे पाहिले आहेत. नियमांमुळे सर्व्हर वाढला की वाढल्यामुळे नियम लागले, हे तिथे सहज सुटं करता येत नाही. मौखिक परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

मग नवख्याची तक्रार खोटीच का? अजिबात नाही. फक्त ती नेमकी करायला हवी. मला त्यासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम उपयोगी पडल्या. मासेमारी, कुरणं, पाटाचं पाणी अशा सामायिक गोष्टी लोक स्वतः कशा सांभाळतात, यावर त्यांचं १९९० चं पुस्तक आहे. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना जी आठ लक्षणं दिसली, त्यांतली तीन इथे कामाची आहेत. नियम स्थानिक परिस्थितीला धरून असतात. ज्यांना नियम लागू होतो, त्यांतल्या बहुतेकांना तो बदलण्यात वाटा असतो. आणि शिक्षा पायरीपायरीने वाढते, पहिल्याच चुकीला हाकलत नाहीत.

दाभोळच्या धक्क्यावर हे समजायला पुस्तक लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, हा नियम सरकारचा आणि कडकही. दोन महिने कमाई नाही, म्हणून कुरकुर असतेच. पण का, ते पोराटोरांनाही ठाऊक असतं. माशांचा विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर जा. गाडी कुठे लावायची याची नियमावली तुम्हाला कोणी वाचायला देत नाही. खलाशी हाताने दाखवतो, पुढे, अजून पुढे, बस. नियम तिथेही आहेत, आणि मोडले तर बोट कलंडेल इतके महत्त्वाचे आहेत. फक्त ते लागतात त्या जागी, लागतात त्या क्षणी समोर येतात.

या तीन लक्षणांवर मामेभावाचा क्लॅन घासून बघा. तीन दिवसांचा नियम करणाऱ्याच्या गावात लाईट जात नसावी, निदान तीन दिवस तरी. तो नियम बदला म्हणायची सोय नव्हती, कारण बोलायची जागा ग्रुपच होता आणि तिथूनच काढलेलं. शिक्षा एकच, बाहेर. माझ्या सर्व्हरचंही तसंच. अंतर सोडायच्या नियमाला कारण नक्की असणार, पण मला क्रमांक मिळाला, कारण नाही. आणि गुप्त शब्दाची परीक्षा नियम कळला का हे तपासतच नाही, नवखा मान तुकवतो का एवढंच तपासते. माझी टीका यावर आहे. यादी दहाची की चाळीसची, हे आता मला दुय्यम वाटतं.

सिनॉप्सिसचं वाक्य आता असं झालंय: "नियमाचं कारण सांगितलं जाणं आणि नियमावर प्रश्न विचारण्याची सोय असणं, यांचा नवे सदस्य टिकण्याशी काय संबंध आहे?" त्यात राग दिसत नाही, पण उत्तर "काहीच संबंध नाही" असंही येऊ शकतं. पहिल्या वाक्याला ती भीती नव्हती, म्हणून ते संशोधनाचं वाक्य नव्हतं.

नवख्याच्या नजरेबद्दल आणखी एक सांगते. नवख्याला नियम दिसतो, त्यामागचं भांडण दिसत नाही. जुन्याला भांडण आठवतं, पण नियम टोचायचा थांबलेला असतो. तुम्ही नवखे असता ते फार थोडे दिवस. कुठल्याही समूहात अभ्यासाला गेलात, तर पहिल्या आठवड्यात जे जे खटकेल ते त्याच रात्री वहीत लिहा, तारखेसकट. निष्कर्ष काढू नका, नुसतं लिहा. दोन महिन्यांनी तुम्हालाही ते साधंच वाटायला लागेल, आणि वही नसेल तर ते कायमचं गेलं.

राहता राहिला मामेभाऊ. २ जुलै २०२१ ला त्या खेळाची भारतासाठीची आवृत्ती आली आणि त्याने स्वतःचा क्लॅन काढला. मागच्या गणपतीत मी त्याच्या नियमांची यादी मागून घेतली. लांबलचक आहे. गैरहजेरीचा नियमही आहेच. मी विचारलं, "तूसुद्धा?" तो म्हणाला, "मग टीम कशी लागणार? चार जण लागतात, एक जण गायब झाला की बाकीचे तिघे बसून राहतात." म्हणजे त्या जुन्या म्होरक्याकडेही कारण होतंच. भावाने एवढंच बदललंय की काढायच्या आधी फोन करतात, आणि लागला नाही तर आठवडाभर थांबतात.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलंय. तो माझा भाऊ आहे, म्हणून प्रबंधात पुरावा म्हणून ते वापरता येणार नाही. पण मुलाखतीत काय विचारायचं, ते त्यातून कळलं. तुमच्या रागाचा विषय घ्या, त्याचं एक वाक्य लिहा, आणि समासात माझ्या सरांचे ते तीन प्रश्न लिहा. उत्तर देताना वाक्य मोडलं, तर समजा काम सुरू झालं.