लहान केलेला नकाशा

बहिर्वक्र भिंगाच्या प्रतिमांचा तक्ता आपण दरवर्षी शिकवतो. वस्तू नाभीय अंतराच्या दुपटीपलीकडे असेल, तर प्रतिमा उलटी आणि लहान. शेजारच्या वर्गात भूगोलाचे शिक्षक नकाशाचे प्रमाण शिकवत असतात. या दोन तासांची गाठ जिथे पडत असे, ते यंत्र म्हणजे नकाशांच्या छापखान्यातला प्रोसेस कॅमेरा.

हा कॅमेरा खोलीएवढा असे. एका टोकाला फळ्यावर काचेखाली सपाट दाबलेला मूळ नकाशा, बाजूंना प्रखर दिवे, मध्ये भिंग आणि मागचा भाग थेट डार्करूममध्ये. भिंगाचे नाभीय अंतर १ मीटर आहे असे समजा. नकाशा आणि फिल्म भिंगापासून २-२ मीटरवर ठेवल्यास प्रतिमा मूळ आकाराची येते. निमपट हवी असेल, तर नकाशा ३ मीटरवर आणि फिल्म दीड मीटरवर. तक्त्यातले गणित असे फूटपट्टीने मोजता येते! फळा आणि फिल्म मात्र समांतर हवेत. नाही तर चौकोनाचा समलंब चौकोन होतो आणि नकाशा खोटा ठरतो. म्हणून चारही बाजू व कर्ण मोजून पाहावे लागत.

या कॅमेऱ्याच्या वर्णनात ‘हुबेहूब’ हा शब्द येतोच. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. कॅमेरा आकार बदलतो. काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हे तो ठरवत नाही.

ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेचे उदाहरण घेऊ. सर हेन्री जेम्स प्रमुख असताना १८५० च्या दशकात तेथे छायाचित्रणाने नकाशे लहान करणे सुरू झाले आणि १८५९ मध्ये छायाचित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापण्याची पद्धत आली. मैलाला पंचवीस इंची (१:२५००) नकाशावरून सहा इंची (१:१०५६०) नकाशा करायचा, म्हणजे लांबी सव्वाचारपटीने कमी होणार. ४ मिलिमीटर उंचीचे अक्षर १ मिलिमीटरहूनही लहान होते. ०.२ मिलिमीटरची रेघ ०.०५ मिलिमीटरवर येते. छापताना ती तुटण्याची भीती. म्हणजे पुढे होणारी घट ध्यानात घेऊन रेघ जाड आणि अक्षर मोठे काढायला हवे. पंचवीस इंची नकाशावर प्रत्येक शेताचा क्रमांक व क्षेत्रफळ असे. सहा इंचीवर ते नसे. हे आकडे भिंगाने गाळले नाहीत, माणसांनी गाळले.

पूर्वीचे सहा इंची नकाशे तांब्यावर कोरलेले असत. त्यांची रेघ नाजूक, पण कोरायला वेळ फार. १८८० च्या दशकापासून छायाचित्रावरून केलेल्या नकाशांनी त्यांची जागा घेतली. हा बदल मला योग्य वाटतो. अद्ययावत नकाशा लवकर हाती येणे हे नाजूक रेघेहून महत्त्वाचे. मात्र याचे सगळे श्रेय यंत्राला देणे म्हणजे आरेखकाचा विवेक विसरणे होय.

प्रोसेस कॅमेरे संगणकापुढे मागे पडले, प्रश्न मात्र आपल्या शाळेतच उभा आहे. १:५०,००० प्रमाणाचा नकाशा आपण झेरॉक्सवर निमपट करून मुलांना वाटतो. कागदावर १:५०,००० तसेच छापलेले राहते. खरे प्रमाण असते १:१,००,०००. त्या आकड्यावर विसंबून अंतर मोजणारा मुलगा निम्म्यावरच थांबतो, आणि चूक त्याची नसते. रेषाप्रमाणाची पट्टी मात्र नकाशाबरोबर आक्रसते, म्हणून ती खरीच राहते.

मूळ नकाशा आणि निमपट प्रत शेजारी ठेवा. दोन गावांमधले अंतर दोन्हींवर, दोन्ही प्रकारच्या प्रमाणांनी काढायला सांगा. मग विचारा, ‘लहान नकाशात कोणती नावे वाचता येत नाहीत? त्यांतली कोणती ठेवाल, कोणती गाळाल?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर भिंग देईल. दुसऱ्याचे मुलांनाच द्यावे लागेल, आणि नकाशाशास्त्र तिथूनच सुरू होते.