अठ्ठेचाळिसाव्या कलमाची भाषा

जर्मनीच्या १९१९ च्या वायमार संविधानाच्या अपयशाची मीमांसा करताना त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमाकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. आक्षेप यथार्थ आहे. परंतु आणीबाणीचे अधिकार देणे एवढाच दोष मानला, तर बहुतेक संविधाने सदोष ठरतील. आमच्या मते दोष त्या कलमाच्या शब्दयोजनेत शोधला पाहिजे.

सार्वजनिक सुरक्षितता व सुव्यवस्था गंभीरपणे बिघडल्यास अथवा धोक्यात आल्यास ‘आवश्यक ते उपाय’ योजण्याची आणि सात मूलभूत हक्क तहकूब करण्याची मुभा या कलमाने राष्ट्राध्यक्षाला दिली. ‘गंभीर’ व ‘आवश्यक’ ही पदे सापेक्ष आहेत. त्यांचा अर्थ ती वापरणाऱ्यावर अवलंबून राहतो. येथे अर्थ ठरविणारा आणि अधिकार चालविणारा एकच होता. तपशील कायद्याने ठरवावा, असे कलमातच म्हटले होते. तो कायदा कधीच झाला नाही.

उपाय रद्द करविण्याचा हक्क राइशस्टागला होता, हे खरे. परंतु पंचविसाव्या कलमान्वये राइशस्टाग विसर्जित करण्याचा अधिकारही राष्ट्राध्यक्षाकडेच होता. जुलै १९३० मध्ये सभागृहाने ब्रूनिंग मंत्रिमंडळाचा वित्तविषयक वटहुकूम फेटाळताच हिंडेनबुर्ग यांनी सभागृह विसर्जित केले व वटहुकूम नव्याने काढला. पुढे २८ फेब्रुवारी १९३३ च्या वटहुकुमाने तहकूब झालेले हक्क हिटलरची राजवट संपेपर्यंत परत मिळाले नाहीत.

आर्थिक मंदी व पक्षांतील वैर यांचा वाटा येथे नाकारावयाचा नाही. एबर्ट यांनी याच कलमाच्या आधारे प्रजासत्ताकाचे रक्षण केले, असेही म्हटले जाते. पण त्यावरून एवढेच सिद्ध होते की, ते शब्द कोणालाच आवरीत नव्हते.

आपल्या संविधान सभेत १९४९ साली हरि विष्णु कामथ यांनी आणीबाणीच्या तरतुदींवर बोलताना वायमारचा दाखला दिला होता. तरीही ३५२ व्या अनुच्छेदात ‘अंतर्गत अशांतता’ हे पद राहिले आणि १९७५ ची आणीबाणी त्याच पदाच्या आधारे घोषित झाली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याजागी ‘सशस्त्र बंड’ हे पद घातले. हा केवळ शब्दबदल नव्हे. बंड झाले की नाही, हे पुराव्याने तपासता येते. अशांतता बहुधा मानण्यावर असते.

म्हणून संविधानाचे परीक्षण करताना अधिकार कोणास दिला, एवढेच पाहून भागत नाही. त्याची अट तपासता येण्याजोग्या शब्दांत सांगितली आहे काय, आणि ती तपासणारा अधिकार चालविणाऱ्याहून वेगळा आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.