संज्ञा, संवेदन आणि वास्तव : 'दुष्काळ' या शब्दाच्या निमित्ताने

'वास्तव हे भाषेने घडवलेले असते' हे विधान गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेत इतके रुळले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज आता फारशी कोणाला भासत नाही. सोस्यूरची व्याख्याने 1916 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हापासून उत्तर-संरचनावादापर्यंतचा मोठा विचारप्रवास या विधानामागे उभा आहे, हे खरे. परंतु त्यात दोन भिन्न दावे सरमिसळ झालेले असतात. भाषेबाहेर वास्तवच नाही, हा पहिला दावा. भाषेवाचून वास्तवाची ओळख पटत नाही, हा दुसरा. पहिला दावा अस्तित्वविषयक आहे, तर दुसरा आकलनविषयक. दुसऱ्याच्या बाजूने पुरावे द्यायचे आणि निष्कर्ष मात्र पहिल्याचा काढायचा, अशी पद्धत आपल्याकडे पडली आहे. प्रस्तुत लेखात एका मराठी शब्दाच्या इतिहासाच्या आधारे हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

या संदर्भात बेंजामिन ली व्होर्फ याचे एक उदाहरण नेहमी दिले जाते. आगविमा कंपनीत काम करताना त्याच्या असे ध्यानात आले की, पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वागतात, परंतु 'रिकाम्या' पिंपांजवळ निर्धास्तपणे धूम्रपान करतात. वस्तुतः रिकाम्या पिंपातील वाफ अधिक स्फोटक असते. 'रिकामे' या शब्दाने धोका दृष्टीआड होतो. हे उदाहरण भाषेच्या सामर्थ्याचे म्हणून सांगितले जाते, आणि ते तसे आहेही. पण त्याची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही : वाफ शब्दाला जुमानत नाही. शब्दाने नजर घडवली, वाफ घडवली नाही. स्फोट होतो तो या दोहोंतील अंतरामुळेच.

आता आपल्याकडील उदाहरण घेऊ. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे गर्भगिरीच्या डोंगररांगेलगतचे, पर्जन्यछायेच्या प्रदेशातील गाव. या टापूत 'दुष्काळ' हा शब्द कालगणनेचे एक परिमाण आहे. जन्म, लग्न, स्थलांतर यांच्या आठवणी 'बहात्तरच्या दुष्काळाच्या' आधी की नंतर, अशा लावल्या जातात. मात्र तो दुष्काळ पडला तेव्हा राज्याच्या कायद्याच्या भाषेत त्याला नाव उरलेले नव्हते. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञाच वगळणारा अधिनियम महाराष्ट्रात 1963 मध्ये झाला होता आणि तिच्या जागी टंचाईवाचक संज्ञा आली होती. शेतीच्या स्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजले जातात, म्हणून दुष्काळाची परिस्थिती उद्भवण्यास आता वावच नाही, अशी त्यामागील भूमिका होती. त्यानंतर नऊच वर्षांनी 1972 उजाडले. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील जवळपास 50 लाख माणसे मदतकार्यांवर खडी फोडत, रस्ते आणि पाझर तलाव बांधत होती.

येथे कायद्याची थट्टा करून थांबणे सोपे आहे. 'शब्द काढला म्हणून दुष्काळ टळला नाही' एवढाच बोध त्यातून निघेल आणि तो उथळ ठरेल. खरा प्रश्न असा की, 'दुष्काळ' आणि 'टंचाई' हे दोन शब्द एकाच वस्तुस्थितीची दोन नावे आहेत काय?

इंग्रजीत 'ड्राउट' आणि 'फॅमिन' या दोन निरनिराळ्या संज्ञा आहेत : पहिली पावसाच्या अभावाची, दुसरी अन्नाच्या. मराठीत 'अवर्षण' हा शब्द असूनही लोकव्यवहारातील 'दुष्काळ' दोहोंना कवेत घेतो. अतिवृष्टीने पीक गेले तर तोही 'ओला दुष्काळ'च. याचे कारण शब्दाच्या घडणीत आहे. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. त्यात कशाची उणीव आहे हे सांगितलेले नाही. बिघडलेला आहे तो काळच. पाऊस, चारा, रोजगार, सोयरीक, देवाची जत्रा हे सारे त्या एका काळात सापडलेले असते. 'टंचाई' मात्र नेहमी कशाची तरी असते : पाणीटंचाई, चाराटंचाई, धान्यटंचाई. ती मोजता येते, तिचे तुकडे पाडता येतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या खात्याकडे सोपवता येतो. टंचाईला पुरवठा हे उत्तर असते. टँकर आला की पाणीटंचाईपुरते उत्तर मिळाले. वाईट काळाला टँकर हे उत्तर होऊ शकत नाही.

म्हणजे शब्द बदलल्याने वस्तुस्थिती बदलली नाही. तिला कोणते उत्तर पुरेसे मानायचे, हे बदलले. भाषेचे सामर्थ्य नेमके येथे आहे. पिकांच्या पैसेवारीतही हेच दिसते. पैसेवारी 50 पैशांच्या खाली आली की सवलतींचा मार्ग मोकळा होतो, आणि किंचित वर राहिली की त्याच शिवारातील तीच जळालेली बाजरी प्रशासनाच्या नजरेला वेगळी दिसू लागते. 2016 च्या मे महिन्यात, उच्च न्यायालयातील सुनावणीच्या पार्श्वभूमीवर, शासनाने सुमारे 29 हजार गावांच्या बाबतीत 'दुष्काळसदृश' ऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, अशी भूमिका घेतली. एका 'सदृश'साठी न्यायालयापर्यंत जावे लागते, हे भाषा आणि सत्ता यांच्या संबंधाचे उत्तम भाष्य आहे.

या विचाराला मराठीतच एक जुना आधार आहे. ज्या नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेथेच परंपरा 'अनुभवामृता'चेही लेखन मानते. त्याच्या 'शब्दखंडन' या सहाव्या प्रकरणात ज्ञानदेव आरंभी शब्दाचा गौरव करतात. शब्द हा आठवण करून देणारा आहे, अमूर्ताला दाखवणारा आरसा आहे. एवढेच नव्हे, तर न पाहणाऱ्यालाही पाहता करणारा असा हा आरसा आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. त्यानंतर ते शब्दाची मर्यादा सांगतात : जे स्वयंसिद्ध आहे त्याला शब्द सिद्ध करू शकत नाही, आणि जे मुळातच नाही त्याचा शब्द नाशही करू शकत नाही. ज्ञानदेवांचा विषय आत्मवस्तू आणि अविद्या हा आहे, प्रशासन नव्हे, हे भान सोडता कामा नये. तरीही त्यांनी आखलेली शब्दाची कक्षा आपल्या प्रश्नाला उपयोगी पडते. शब्द निर्मिती करत नाही आणि संहारही करत नाही. तो स्मरण देतो आणि दृष्टी देतो. 1963 च्या अधिनियमाने दुष्काळ नाहीसा झाला नाही, आरसा तेवढा काढून घेतला गेला.

आरसा काढून घेण्याचा याहून सूक्ष्म प्रकार रोजच्या बोलीतही चालतो. पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचा हिशेब 'कोयत्या'वर होतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर ठरते आणि मुकादमाच्या वहीत कोयताच लिहिला जातो. दोन माणसांचे एक अवजार होते आणि त्या अवजाराच्या आड बाईचे श्रम व तिची मजुरी दिसेनाशी होते. ही संज्ञा कोणा परक्या सत्तेने लादलेली नाही, ती रूढ व्यवहारातली आहे. 'लोकभाषा तेवढी सत्यदर्शी, राज्यभाषा तेवढी फसवी' अशी सोयीची विभागणी त्यामुळे टिकत नाही. लोकांच्या 'दुष्काळा'त जे दिसते ते लोकांच्याच 'कोयत्या'त झाकले जाते.

मग साहित्याचे कार्य कोणते? व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) येथे आठवते. कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ येतो आणि वाडी ओस पडते. निवेदक बाहेरून आलेला मास्तर आहे, तरी तो आकडेवारी देत नाही, कारणमीमांसाही करत नाही. मेंढरे, माणसे आणि घरे यांचे एकमेकांशी असलेले नाते उसवत जाते, तेवढेच वाचकाला दिसते. दुष्काळ येथे वस्तूंची उणीव म्हणून अवतरत नाही, बिघडलेला काळ म्हणून अवतरतो. टंचाईच्या परिभाषेने ज्याचे तुकडे पाडले असते, ते कादंबरी अखंड ठेवते. हे वास्तवाचे निव्वळ 'प्रतिबिंब' नव्हे, कारण या काळाला आकार निवेदनाने दिला आहे. पण ही भाषेची स्वायत्त 'निर्मिती'ही नव्हे, कारण त्या आकाराची कसोटी माणदेशाच्या माळावर आहे.

प्रतिबिंबवाद आणि निर्मितिवाद यांपैकी एकाची निवड करण्याचा आपल्या समीक्षेचा आग्रह म्हणूनच अनाठायी वाटतो. भाषेबाहेर काही नाही असे मानले, तर 1972 मध्ये भुकेने संज्ञेला खोटे कसे पाडले, याचे उत्तर देता येत नाही. भाषा हे निव्वळ पारदर्शक माध्यम आहे असे मानले, तर 'सदृश' हे एक पद वगळून घेण्यासाठी माणसांना का झगडावे लागले, हे कळत नाही. शब्द आणि वास्तव यांतील अंतर हीच समीक्षेची खरी कार्यभूमी होय. एखाद्या संहितेने वास्तव 'घडवले' असे म्हणून थांबण्याऐवजी, तिच्या शब्दांनी कोणाला पाहते केले, कोणाला दृष्टीआड केले आणि कोणते उत्तर पुरेसे ठरवले, हे विचारणे अधिक फलदायी ठरेल. हे प्रश्न कादंबरीला विचारावेत, तसेच शासननिर्णयाला आणि मुकादमाच्या वहीलाही विचारावेत.