जागृतिगीत आणि राजमुद्रा

राष्ट्रभक्तिपर गीताचे मूल्यमापन केवळ त्याच्या शब्दसंहितेवरून करता येत नाही. ते कोणी, केव्हा आणि कोणत्या सत्तेसमोर गायिले, हाही त्याच्या अर्थाचाच भाग असतो. रुमानियन देशभक्तिगीतांच्या इतिहासातून याचा प्रत्यय येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुमानियन भाषक समाज निरनिराळ्या सत्तांखाली विभागलेला होता. त्याला स्वतःच्या राज्याआधी स्वतःचे गीत लाभले. १८४८ च्या क्रांतिवर्षात, हाब्सबुर्ग सत्तेखालील ट्रान्सिल्व्हेनियात, आन्द्रेइ मुरेशानु यांनी रुमानियनांना निद्रेतून जागे होण्याचे आवाहन करणारी कविता लिहिली. ती ब्राशोव्ह येथील नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्या मूळ शीर्षकाचा अर्थ ‘प्रतिध्वनी’ असा होता. परंपरा तिच्या चालीचे श्रेय आन्तोन पान यांना देते. ती चाल आधी एका भावगीताची होती. रणगीताचा आवेश असा हळव्या सुरावटीतून प्रकटला.

वासिले आलेक्सांद्री यांच्या १८५६ च्या ऐक्यगीताची प्रकृती वेगळी आहे. ‘होरा’ हे हातात हात गुंफून फेर धरण्याचे लोकनृत्य. फ्लेख्तेनमाखर यांच्या संगीताने या गीताला संचलनाची नव्हे, तर फेराची लय दिली. मोल्दाविया व वालाकिया यांचे १८५९ मधील एकीकरण त्या फेरात आधीच सूचित झाले होते.

पुढे कम्युनिस्ट राजवटीत मुरेशानु यांच्या गीतावर दीर्घकाळ बंदी होती. १९७७ मध्ये पोरुंबेस्कु यांचे तिरंग्यावरील गीत शब्द बदलून राष्ट्रगीत करण्यात आले. शब्द बदलता आले. निष्ठा बदलता आली नाही. १९८७ मध्ये त्याच ब्राशोव्हच्या कामगारांनी आणि डिसेंबर १९८९ मध्ये क्रांतिकारकांनी रस्त्यावर गायिले, ते मुरेशानु यांचेच गीत. मूळ शीर्षकातील प्रतिध्वनी असा खरा ठरला.

१९९० मध्ये ते राष्ट्रगीत झाले. त्याच्या अकरा कडव्यांपैकी चारच अधिकृतपणे गायिली जातात. परकीय सत्तांवरील थेट प्रहार उरलेल्या कडव्यांत राहिले आहेत. हा संक्षेप व्यवहार्य असेल, पण अर्थदृष्ट्या निरुपद्रवी नाही. जागे होण्याची हाक सत्तेविरुद्ध उठली होती. आता सत्ताच ती उच्चारते. म्हणून अभ्यासकाने ही कविता समग्र वाचली पाहिजे. राजमुद्रा गीताला प्रतिष्ठा देते, परंतु त्याची धार राखण्याचे काम वाचकालाच करावे लागते.