कोळ्याच्या जाळ्यातली अक्षरे

आर. एल. स्टीव्हन्सन यांची 'ट्रेझर आयलंड' १८८३ साली पुस्तकरूपाने आली, आणि चाचे, नकाशा, बेट, पुरलेला खजिना हे मुलांच्या गोष्टींचे ठरलेले सामान झाले. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातल्या, समुद्र क्वचितच पाहिलेल्या मुलांनाही ती खिळवून ठेवते. सिल्व्हरसारखा गोडबोल्या खलनायक बालसाहित्यात विरळाच. हे मान्य करूनच माझी तक्रार मांडतो.

शेवटच्या प्रकरणात जिम खजिन्यातली नाणी निवडतो. युरोपातली नाणी तो नावानिशी ओळखतो. पूर्वेकडच्या नाण्यांवर मात्र त्याला दोऱ्याचे तुकडे, कोळ्याचे जाळे दिसते. उर्दू शिकवणारा माणूस इथे अडखळतो. मोगल रुपयावर फारसी मजकूर असे. जिमचे जाळे म्हणजे बहुधा आमच्या पहिलीच्या पोरांची अलिफ-बे! अर्थात, हे अडाणीपण जिमचे आहे, लेखकाचे नव्हे, असे कुणी म्हणेल. तेही खरे. पण त्याच सुमारास जिमला या धनापायी सांडलेले रक्त आठवते, आणि ते सांगणारा कुणी हयात नसेल, असे म्हणून तो विषय सोडतो.

फ्लिंटचा खजिना काल्पनिक, पण त्याचा समुद्र खरा आहे. सिल्व्हरचा पोपटसुद्धा गोव्याच्या व्हाइसरॉयचे जहाज लुटताना हजर असतो. कॅप्टन किडने १६९९ मध्ये न्यूयॉर्कजवळ गार्डिनर कुटुंबाच्या खासगी बेटावर खरोखरच माल पुरला. वर्षभरापूर्वी त्याने लुटलेले 'क्वेदा मर्चंट' बंगालहून सुरतेला निघाले होते. त्याआधी, सप्टेंबर १६९५ मध्ये, हेन्री एव्हरीने हाजींना घेऊन सुरतेला परतणारे औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' लुटले. गंज म्हणजे खजिनाच.

आणि इथे सांगणारा होता. खाफी खान त्या काळी रायरीच्या, म्हणजे आपल्या रायगडच्या, फौजदारासाठी सुरतेत माल खरेदी करत होता. मोखा-जेद्द्याच्या विक्रीचे ५२ लाखांचे सोने-चांदी जहाजावर होते, अब्रू वाचवायला बायकांनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी खंजीर खुपसून घेतले, हे त्याने लिहून ठेवले. कप्तान इब्राहीम खानाचा भेकडपणाही झाकला नाही. लिहिले फारसीत, त्याच 'जाळ्यात'. शालेय आवृत्तीत त्या पानाखाली चार ओळींची टीप द्यायला काय हरकत आहे?

वर्गात मी फळ्यावर मोगल रुपया काढतो. मुले 'शाह' एवढे वाचतात, मग विचारतात, "सर, खजिना परत मिळाला का?" एव्हरी कधीच सापडला नाही, त्याच्या टोळीतल्या पाच जणांना नोव्हेंबर १६९६ मध्ये लंडनला फाशी दिली, एवढे सांगतो.