रोवन यांचा प्रयोग आणि त्यांचे स्पष्टीकरण

पक्ष्यांची वीण वसंतातच का, असे वर्गात विचारले की ‘तेव्हा ऊब असते, खाणे मिळते’ हे उत्तर हमखास येते. कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन यांनी १९२४ साली सुरू केलेल्या प्रयोगांनी या उत्तराला धक्का दिला. जंको या चिमणीएवढ्या पक्ष्यांना त्यांनी भर हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले. एका गटाला संध्याकाळी विजेचा उजेड रोज थोडा थोडा वाढवून दिला. पारा शून्याच्या कितीतरी खाली असूनही त्यांच्या जननग्रंथी वसंतातल्यासारख्या वाढल्या. दुसऱ्या गटाच्या लहानच राहिल्या. थंडी दोन्ही गटांना सारखीच होती. तुलनेसाठी वेगळा गट का ठेवायचा, हे शिकवायला इतका सुटसुटीत प्रयोग क्वचितच सापडेल.

रोवन यांचे स्पष्टीकरण मात्र टिकले नाही. दिवस मोठा झाला की पक्षी जास्त वेळ जागा राहतो आणि त्या हालचालीमुळे ग्रंथी वाढतात, असे त्यांचे मत होते. पण दिवे लावल्यावर उजेड आणि हालचाल दोन्ही एकदमच वाढतात. यांपैकी खरे कारण कोणते, हे दिव्यांच्या प्रयोगातून ठरत नाही. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी बदकांवर दाखवले, की डोळे काढले तरी मेंदूपर्यंत पोचलेला उजेड वृषणांची वाढ घडवतो. पक्ष्यांत उजेड ओळखणाऱ्या पेशी मेंदूच्या आत असतात, हे आता माहीत आहे. तेथून इशारा हायपोथॅलॅमसला, मग पीयूषिका ग्रंथीला मिळतो आणि तिची संप्रेरके जननग्रंथींना जागे करतात.

सस्तन प्राण्यांत उजेडाची वर्दी डोळ्यांकडून जाते. पिनिअल ग्रंथी रात्री मेलॅटोनिन स्रवते. रात्र जितकी लांब, तितका स्राव जास्त वेळ. पण समशीतोष्ण प्रदेशात हॅम्स्टर मोठ्या दिवसांत विततो, तर मेंढी दिवस लहान होऊ लागल्यावर माजावर येते. तिचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा, म्हणून कोकरे वसंतात जन्मतात. म्हणजे ‘दिवस मोठा की वीण’ हा नियमही सरसकट सांगता येत नाही.

मग मुलांचे उत्तर चूक का? पूर्ण चूक नाही. पिलांना अन्न मिळणे हा वसंतातल्या विणीचा फायदा आहे आणि नैसर्गिक निवडीने तो टिकवला. दिनमान ही त्या काळाची आगाऊ सूचना आहे. फायदा आणि सूचना यांतला फरक वर्गात जरूर मांडावा. एडमंटनला दिवस हिवाळ्यात साडेसात तासांचा, तर उन्हाळ्यात सतरा तासांचा असतो. पुण्यात हा फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, आणि आपले बेडूक तर पावसाचीच वाट पाहतात.